ॲपचा लोगो बदलला की कोण बोलतं?



विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, की लोगोवर तासभर बोलण्यासारखं आहे काय? आणि तेही शहापुरात? हा विषय मुंबईतल्या जाहिरातवाल्यांचा, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला तसं वाटत नाही. आज आम्हाला लोगोपेक्षा लोगो बदलल्यावर जी आरडाओरड होते तिच्याबद्दल बोलायचं आहे. पुस्तकाचं परीक्षण करतात, तसं कधीकधी परीक्षणांचंही परीक्षण करावं लागतं. आजचं काम तसं आहे. आणि त्यासाठी शहापूर-मुरबाड ही जागा चांगली आहे. का, ते बोलण्याच्या ओघात येईल.

सुरुवात मात्र मुंबईतून करू. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाकडे एक तक्रार गेली. तक्रार करणाऱ्या बाई अवेस्ता फाउंडेशन या संस्थेच्या. तक्रार होती मिंत्रा या कपडे विकणाऱ्या ॲपच्या लोगोबद्दल. रंगीत पट्ट्यांनी बनवलेलं इंग्रजी एम अक्षर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या अक्षराचा आकार स्त्रियांचा अपमान करणारा आहे, असं बाईंचं म्हणणं. पोलिसांनी कंपनीला कळवलं, कंपनीची माणसं येऊन भेटली, आणि जानेवारी 2021 संपता संपता लोगो बदलायचं कंपनीने मान्य केलं. ॲपवर, वेबसाइटवर, पार्सलच्या वेष्टनावरसुद्धा.

बदल केवढा? जुना आणि नवा एम शेजारीशेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो. मधल्या जोडापाशी रंगांची मांडणी थोडी वेगळी झाली, एवढंच. पण त्या एवढ्याशा बदलावर देशभर गदारोळ झाला. एक बाजू म्हणाली, घाण लोगोत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. दुसरी म्हणाली, इतकी वर्षं हे कोणाला दिसलं कसं नाही? मधले लोक विनोद करत होते, आणि ते सर्वांत जास्त होते. मग इतर कंपन्यांच्या लोगोंत काय काय दिसतं याची स्पर्धाच लागली.

आम्हाला या सगळ्या गोंगाटात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या एका बाईंनी कागद घेऊन एक ठरावीक दार ठोठावलं, त्यांच्या म्हणण्याला उत्तर मिळालं. बाकी हजारो लोक बोलले, त्यांच्या बोलण्याने लोगोची एक रेघ हलली नाही. तक्रार बरोबर होती का, यावर तुमचं मत वेगळं असू शकेल. आमच्यातही त्यावर एकमत नाही. पण दार होतं म्हणून ती तक्रार ठरली, नाहीतर तीही हजारांतली एक प्रतिक्रिया झाली असती. हे दार लक्षात ठेवा.

त्याच जानेवारीत ॲमेझॉनने आपल्या ॲपचं चित्र बदललं. आधी तिथे खरेदीची ढकलगाडी होती. नव्या चित्रात पुठ्ठ्याच्या खोक्याचा तपकिरी रंग, खाली नेहमीचा हसरा बाण आणि वर निळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा, कडा फाटल्यासारखा. लोकांना तो तुकडा हिटलरच्या मिशीसारखा दिसला. झालं! कंपनीने काही आठवड्यांत गुपचूप कडा सरळ केल्या, पट्टीचं टोक दुमडलं आणि मिशी गेली. या प्रकरणावर जगभर लिहिलं गेलं. आणि आमच्या मते त्या लिहिण्यातली मुख्य चूक अशी, की सगळे मिशीबद्दल बोलले आणि ढकलगाडीबद्दल कोणीच बोललं नाही. ढकलगाडीचं चित्र पाहून इंग्रजी न येणाऱ्यालाही कळायचं की इथे सामान घेतात. खोकं आणि हसू पाहून काय कळतं? ज्याला कंपनी आधीच माहीत आहे त्याला कळतं, दुसऱ्याला नाही. म्हणजे काय विकतात हे सांगणारं चित्र गेलं आणि कोण विकतं एवढंच सांगणारं चित्र आलं. नुकसान हे होतं, आणि चर्चा झाली मिशीची.

आता जरा मागे जाऊ. अशा प्रतिक्रियांना एक इतिहास आहे आणि कंपन्यांनी त्यातून एक धडा घेतलाय. ऑक्टोबर 2010 मध्ये गॅप या अमेरिकी कपड्यांच्या कंपनीने लोगो बदलला, लोक चिडले, आणि आठवडाभरात कंपनीने जुना लोगो परत आणला. ती घाबरली. पुढे मे 2016 मध्ये इन्स्टाग्रामने आपला तपकिरी कॅमेरा काढून गुलाबी-जांभळ्या-नारिंगी रंगावर पांढऱ्या रेघांचा कॅमेरा आणला. तेव्हाही भरपूर टिंगल झाली. ती कंपनी हलली नाही. आज इथे बसलेल्या कॉलेजच्या मुलांना तो जुना तपकिरी कॅमेरा आठवतोय का? नाही आठवत. तेव्हापासून डिझाइनच्या धंद्यात एक समज पक्की झाली, की लोकांना बदल आवडत नाही, आठवडाभर ओरडतात, महिन्याभरात विसरतात, दम धरा.

हा समज अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त त्रासदायक आहे. आवडीनिवडीपुरतं ते खरंच आहे. घराला नवा रंग दिला की पहिले चार दिवस डोळ्यांना खुपतो, नंतर तोच आपला होतो. पण ओरडणाऱ्यांपैकी सगळे आवडीबद्दलच ओरडत असतात, हे कोणी ठरवलं? आणि जे ओरडत नाहीत त्यांना काही अडचण नाही, हे तरी कोणी ठरवलं?

ऑक्टोबर 2020 चं गुगलचं उदाहरण घ्या. जीमेलचं पाकीट, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट या सगळ्यांना एकाच वेळी नवी चिन्हं मिळाली. प्रत्येकात तेच चार रंग: लाल, पिवळा, हिरवा, निळा. आधी जीमेल म्हणजे पांढरं पाकीट आणि त्यावर लाल एम. कॅलेंडर निळं, तारखेचा आकडा असलेलं. रंगावरूनच अंगठा योग्य जागी जायचा. नवी चिन्हं दुरून पाहिली तर चारही सारखीच, रंगीत पट्ट्यांची भेंडोळी. लोकांनी तेव्हा जे म्हटलं ते साधं होतं, की आम्हाला यातलं कुठलं काय ते पटकन ओळखू येत नाही. ही आवडीची तक्रार नव्हती. ही कामाची तक्रार होती. पण ती ‘लोकांना बदल आवडत नाही’ याच खोक्यात टाकली गेली. कंपनीला आपली सगळी ॲपं एका घरातली दिसायला हवी होती. वापरणाऱ्याला ती वेगवेगळी दिसायला हवी होती. एका घरातली चार भावंडं एकाच कापडाचे शर्ट घालून यात्रेत सोडली, तर आईची काय अवस्था होईल, तसं झालं. (हशा)

आता आपल्याकडे येऊ.

मुरबाड तालुक्यातलं धसई. डिसेंबर 2016 मध्ये, नोटाबंदीनंतर महिन्याच्या आत, धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली. वर्तमानपत्रांत वडापावच्या गाडीवर कार्ड घासतानाचे फोटो आले. पुढे रोख परत आल्याच्या बातम्याही आल्या, तो भाग वेगळा. आज मात्र धसईत, सरळगावात, किन्हवलीत, डोळखांबला, कुठेही जा, भाजीवालीच्या टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो. त्याला लोक ‘स्कॅनर’ म्हणतात. कार्डाच्या यंत्राने जे जमलं नाही ते मोबाईलमधल्या चिन्हांनी जमवलं.

आणि ही चिन्हं लोक कशी ओळखतात? नाव वाचून फार कमी जण. फोनपेचं चिन्ह बघा. जांभळ्या गोलात देवनागरी ‘पे’. कंपनीने इंग्रजी पीऐवजी आपल्या लिपीतलं अक्षर घेतलं, हा त्या चिन्हातला सर्वांत हुशार निर्णय आहे असं आम्हाला वाटतं. ज्या बाईंनी दुसरीत शाळा सोडली त्यांनाही ‘प’ आणि त्यावरची मात्रा वाचता येते. आणि ज्यांना तेही येत नाही त्यांच्यासाठी जांभळा रंग आहे. आम्ही शहापूरच्या बाजारात ऐकलंय, ‘जांभळ्यावर पाठवा’. या एका वाक्यात लोगोशास्त्राची दोन-तीन पुस्तकं मावतील.

याउलट गुगलचं. सप्टेंबर 2017 मध्ये त्यांचं ॲप आलं तेव्हा त्याचं नाव होतं तेज. हिंदीत तेज म्हणजे वेगवान, मराठी कानाला तेज म्हणजे उजेड, कांती. दोन्ही अर्थ चालण्यासारखे. वर्षभरात, ऑगस्ट 2018 मध्ये, ते गुगल पे झालं, आणि पुढे चिन्हही बदललं. लोकांनी त्याला ‘जीपे’ म्हणत आपलंसं केलं हे खरं. पण ज्या घरात मुलगा कामाला कल्याण-ठाण्याला आणि आई गावात, तिथे ‘ते तेजवालं कुठे गेलं?’ हा फोन त्या वर्षी किती घरांतून गेला असेल, याची नोंद कुठेही नाही. ही प्रतिक्रिया कोणी छापली नाही. कारण ती प्रतिक्रिया म्हणून दिलीच गेली नव्हती. ती घरातली अडचण होती.

इथे एक सावधगिरी घेतो. शहरातले लोक हसतात आणि गावातले बिचारे गोंधळतात, असं चित्र आम्हाला रंगवायचं नाही. ते खोटं आहे आणि जरा अपमानकारकही आहे. आसनगावहून रोज लोकलने जाणारी मुलं मिंत्राच्या लोगोवर पुण्या-मुंबईच्या मुलांइतकेच विनोद करत होती. आणि चिन्हावरून ॲप ओळखणारा माणूस निरक्षरच असतो असंही नाही. चष्मा घरी राहिलेले निवृत्त गुरुजी चिन्हच बघतात. भर उन्हात बांधावर उभं राहून फोन उघडणारा शेतकरी चिन्हच बघतो, कारण उन्हात अक्षर दिसतच नाही. काच तडकलेली असेल तर रंग तेवढा दिसतो. आणि खरं सांगायचं तर आम्हीही तेच करतो, तुम्हीही तेच करता. फरक एवढाच, की आपलं चुकलं तर आपण नाव वाचून दुरुस्त करतो. ज्याच्याजवळ ती दुसरी सोय नाही, त्याच्यासाठी चिन्ह हेच नाव.

चिन्ह हेच नाव, ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून पक्षांना चिन्हं दिली गेली. लोगो आणि प्रतिक्रिया यांच्याबद्दल बोलताना हे उदाहरण टाळून चालणारच नाही, कारण त्याचा ताजा अध्याय आपल्या तालुक्यात घडला आहे. राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यावर 2024 मध्ये घड्याळ एका गटाकडे गेलं आणि दुसऱ्या गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह मिळालं. म्हणजे एका परीने लोगोच बदलला. त्याच निवडणुकीत अपक्षांच्या चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट होतं, आणि त्याचं मराठी नाव होतं तुतारी. साताऱ्यात लोकसभेला त्या गटाचा उमेदवार 32 हजारांच्या आसपास मतांनी हरला, आणि ट्रम्पेट चिन्ह घेतलेल्या अपक्षाला 37 हजार मतं पडली. आपल्या भिवंडी मतदारसंघात, ज्यात शहापूर आणि मुरबाड दोन्ही येतात, त्या गटाचा उमेदवार निवडून आला, त्यामुळे इथे तेव्हा कोणी हिशेब मांडला नाही. मग नोव्हेंबरात विधानसभा आली. शहापूरची जागा दोन हजारांहून कमी मतांच्या फरकाने ठरली, आणि ट्रम्पेट चिन्हाला पडलेली मतं त्या फरकापेक्षा जास्त होती.

आता, ट्रम्पेटला पडलेलं प्रत्येक मत चुकून पडलं असं म्हणणं बरोबर नाही. कोणाचं मत कुठे जायचं होतं हे कोणाला सांगता येणार नाही, आणि कोणी जिंकायला हवं होतं हा आजचा विषयही नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. लोकसभेनंतर त्या पक्षाने निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ट्रम्पेट काढून टाकायची मागणी मान्य केली नाही. पण माणसाचं चित्र मतदान यंत्रावर नीट, ठळक दिसावं ही मागणी ऐकली, आणि चित्र नव्याने काढलं गेलं. तो उपाय पुरला की नाही यावर वाद घाला. पण बघा, तिथे ‘हे चिन्ह लोकांना ओळखू येत नाही’ ही तक्रार ऐकणारं एक दार होतं. तक्रार कोणी आवडीची म्हणून झटकली नाही. तुतारीवाला माणूस सुंदर दिसतो का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की लांबून, घाईत, पडद्याआड एकट्याने उभ्या असलेल्या माणसाला तो ओळखता येतो का? आम्हाला वाटतं, लोगोची समीक्षा करायची तर पहिला प्रश्न हाच असायला हवा. आणि चिन्ह बदललं हे सांगायला तिथे कार्यकर्ते वाडीवाडीवर गेले, भिंती रंगवल्या, गाड्यांवरून ओरडून सांगितलं. ॲपचं चिन्ह कसं बदलतं? रात्री वायफायवर आपोआप. सकाळी उठून बघावं तर दुसराच कोणीतरी दारात.

कंपन्यांना ओळखीचं मोल कळत नाही असं समजू नका. स्वतःवर आलं की बरोबर कळतं. फोनपे आणि भारतपे या दोन कंपन्या ‘पे’ या एका अक्षरावरून काही वर्षं कोर्टात भांडल्या. शेवटी 2024 मध्ये तडजोड झाली. गिऱ्हाईक गोंधळेल, हाच अशा भांडणांचा पाया असतो. दुसऱ्याने गोंधळ केला तर खटला, आणि स्वतः केला तर ‘नवं रूप’!

गोंधळ झाला तर होऊन होऊन काय होईल, असं कोणी म्हणेल. दोन मिनिटं शोधतील, मुलाला विचारतील. बऱ्याचदा एवढंच होतं. पण आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे येतो.

आमच्या ओळखीच्या एका दुकानदारांची गोष्ट. गाव आणि बँक दोन्ही सांगत नाही. त्यांच्या बँकेच्या ॲपचं चिन्ह बदललं. रंग बदलला, आकार बदलला, नावही थोडं बदललं. त्यांना वाटलं हे खोटं ॲप आहे, म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. शाबासकी द्यावी असंच वागले ते! मग दोन दिवस पैसे अडकले, बँकेत गेले, तिथल्या मुलाने हसून सांगितलं, ‘काका, तेच आहे, फक्त नवीन केलंय.’ पुन्हा टाकून दिलं. पुढे काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. त्याच बँकेचं नाव, जवळजवळ तसंच चिन्ह, आणि निरोप, की जुनं ॲप बंद होतंय, हे नवीन टाका. या वेळी त्यांनी संशय घेतला नाही. मागच्या वेळी संशय घेतला तर लोक हसले होते ना. नशिबाने भाची घरी होती, तिने हातातून फोन घेतला.

ही गोष्ट ऐकल्यापासून आमचा लोगोंकडे बघण्याचा चष्माच बदलला. एखादी कंपनी चेहरा बदलते आणि म्हणते, मी तीच आहे, विश्वास ठेवा. भामटा चेहरा चोरतो आणि म्हणतो, मी तीच आहे, विश्वास ठेवा. दोघांचं वाक्य एकच आहे. प्रत्येक वेळी खरी कंपनी हे वाक्य वापरते तेव्हा ते वाक्य मुकाट्याने मानायची सवय थोडी आणखी लागते. वाहनाचा दंड थकलाय म्हणून, पीएम किसानचा हप्ता अडकलाय म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइली आता सगळ्यांना माहीत आहेत. पोलीस सांगतात, अनोळखी फाइल उघडू नका, फसलात तर 1930 वर फोन करा. बरोबर आहे. पण ‘अनोळखी’ म्हणजे काय, हे ठरवायला माणसाजवळ काय असतं? चिन्ह असतं. तेच जर दर दोन वर्षांनी हौसेने बदललं, तर ओळखीचं आणि अनोळखी यातली रेघ कोणी पुसली?

सरकारी ॲपंही यातून सुटत नाहीत. लोकलने जाणाऱ्या वाशिंद, आसनगाव, खर्डी, कसाऱ्याच्या माणसाला यूटीएस ॲप चांगलं माहीत आहे. (मुरबाडला रेल्वे यायची आहे, ती आली की मुरबाडकरांशी वेगळं बोलू.) उपनगरी तिकिटांसाठी ते 2014 अखेरीस आलं. दहा वर्षांत अंगठ्याला त्याची जागा पाठ झाली. जुलै 2025 मध्ये रेल्वेने रेलवन हे नवं ॲप आणलं आणि यूटीएसचं काम त्यात घेतलं. एका ॲपमध्ये सगळं, ही कल्पना चांगली आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही. पण सर्वसाधारण प्रवाशाच्या कानावर काय पडलं? जुनं सोडा, नवीन टाका. तेच वाक्य. खरं असूनही तेच.

या सगळ्यावर डिझाइनवाल्यांचं उत्तर आम्हाला माहीत आहे आणि त्यात तथ्य आहे. फोनच्या छोट्या पडद्यावर जुनी बारकाव्यांची चित्रं चिखलासारखी दिसतात, आकार साधे करावेच लागतात. कंपन्या एकमेकींत मिसळतात, नावं बदलतात. बदलूच नका असं म्हणणं म्हणजे दुकानाची पाटी गंजली तरी रंगवू नका म्हणण्यासारखं. मान्य. पण पाटी रंगवताना दुकानदार काय करतो? रंग बदलला तरी अक्षराचं वळण ठेवतो, किंवा वळण बदललं तर रंग ठेवतो. इन्स्टाग्रामवर तेव्हा एवढी टीका झाली, तरी आमच्या मते तो बदल चांगला होता, कारण रंग गेला पण कॅमेरा राहिला. व्हॉट्सॲपने हिरवा बुडबुडा आणि आतला फोन इतकी वर्षं सांभाळला, त्याचं कौतुक कोणी करत नाही, कारण न बदलण्यावर प्रतिक्रिया येत नसते. गुगलने 2020 मध्ये रंगही सोडले आणि आकारही सैल केले, म्हणून तो बदल आम्ही वाईट म्हणतो. ट्विटरने जुलै 2023 मध्ये पक्षी उडवून लावला आणि एक्स आणलं, तिथे तर नाव, रंग, चित्र, तिन्ही एकदम गेलं. मराठी वर्तमानपत्रं पुढे कितीतरी दिवस ‘एक्स’च्या पुढे ‘पूर्वीचं ट्विटर’ असं लिहीत राहिली. आमच्या मते त्या बदलावरची सर्वांत नेमकी टीका तीच होती. वृत्तसंपादकाला वाचकाची काळजी होती, ती त्याने दोन शब्दांत घेतली.

मग प्रश्न उरतो दाराचा. आवडीच्या प्रतिक्रियेला आता दार नको, तिला समाजमाध्यमं पुरतात. पण ‘मला ओळखू येत नाही’ या तक्रारीला दार नाही. ॲपच्या दुकानात तारे देता येतात, शेरा लिहिता येतो, पण ज्याला नाव वाचता येत नाही तो शेरा काय लिहिणार? एकदाच आम्ही आपल्या राज्यात खालून आलेली प्रतिक्रिया एवढी स्पष्ट पाहिली. ऑगस्ट 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट होते, आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. त्यात लोगोचा प्रश्न नव्हता, पण ती सॉफ्टवेअरची समीक्षाच होती. हे आम्हाला वाचता येत नाही आणि यावर आमचं काम अवलंबून आहे, असं त्या म्हणत होत्या. त्यांचं म्हणणं ऐकावं लागलं, कारण त्यांची संघटना होती. टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीची संघटना नाही.

आमच्या अपेक्षा मोठ्या नाहीत. चिन्ह बदलायचं तर महिनाभर जुनं आणि नवं एकमेकांशेजारी ॲप उघडताच दाखवावं, मराठीत, आणि आवाजात सांगायची सोय असावी. बँकांनी तर हे करायलाच हवं. शाखेत भिंतीवर दोन्ही चित्रं लावावीत, आणि ‘आमचं ॲप आम्ही व्हॉट्सॲपवर कधीही पाठवत नाही’ हे त्याखाली मोठ्या अक्षरांत. चिन्हात एखादं देवनागरी अक्षर ठेवता आलं तर फारच बरं. आणि ज्या दिवशी बँकेतला मुलगा नवं चिन्ह पाहून ॲप काढून टाकणाऱ्या काकांना हसणार नाही, उलट ‘काका, बरोबर केलंत, आता मी दाखवतो’ म्हणेल, तो दिवस आम्हाला हवाय.

तुमच्यापैकी अनेक जण घरात कोणाला ना कोणाला फोन शिकवता. त्यांच्याकडून ॲपांची नावं नाही, खुणा विचारून बघा. कोणतं ॲप ते कशावरून ओळखतात, कोणतं हरवलं, कोणतं चुकून उघडलं. शहापूर आणि मुरबाडमधून अशा पन्नास-साठ नोंदी जमल्या तरी बोलायला भरपूर होईल, त्या आयोजकांकडे द्या. आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागे हात वर दिसतोय, तिथून सुरुवात करू.